तीन पाण्यांनी धुतलेला गहू

एक

पहिलं मेलेलं बदक आरोहीला दिसलं.

सात वर्षांची पोर. गळ्यात आजोबांनी आणलेली नवीकोरी दुर्बीण, आणि तीही उलटी धरून ती मघापासून माणसं किती लांब दिसतात ते बघत होती. तलावाचा काठ आला तशी तिनं दुर्बीण सरळ केली आणि म्हणाली, "डॉक्टरआजी, ती बदकं झोपलीत का हो?"

डॉक्टर उज्ज्वला नवले यांनी तिकडं नजर लावली. पाय वर करून बदक झोपत नाही. उभा जन्म जनावरांच्या दवाखान्यात काढलेल्या बाईला हे कळायला दुर्बीण लागत नव्हती. पाणकणसाच्या बेटापासून चिखलाच्या टोकापर्यंत नुसता सडा पडला होता. भगव्या अंगाचे चक्रवाक, लांब शेपटीची तलवार बदकं. अख्खा हिमालय ओलांडून ही पाखरं दर कार्तिकात उमापूरच्या पुढं या सावळदऱ्याच्या तलावावर उतरायची. यंदा उतरून पंधरा दिवस झाले नाहीत तोच चिखलात तोंड खुपसून मेली होती. एक चक्रवाक अजून जिवंत होता. त्याची मान पाठीकडं वळली होती आणि एकच पंख चिखलावर आपटत होता. एकतीसपर्यंत मोजून बाईंनी मोजणं सोडलं.

"आरोही, मागं फीर. मांडवात जाऊन बस," त्या म्हणाल्या.

मागून पंचवीसएक पाहुणे येत होते. रविवारची सकाळ, 'सावळदरा पक्षी महोत्सव', तेही पहिलाच. वाटेवरच्या फलकावर पाखरू अंगठ्याएवढं होतं आणि आयोजक आप्पारावांचा फोटो पुरुषभर उंचीचा. पाहुण्यांनी सडा पाहिला, अरे अरे केलं. मग एकानं मेलेल्या बदकाची मान दोन बोटांनी उचलून स्वतःचा फोटो काढून घेतला. एका बाईनं नाकाला पदर लावून विचारलं, "मग आता नाश्ता लवकर होईल का हो? गव्हाची खीर आहे म्हणे."

उज्ज्वलाबाईंना ओकारी आली. मेलेल्या पाखरांमुळं नव्हे. नोकरीत त्यांनी अडलेल्या गाईंच्या पोटात खांद्यापर्यंत हात घातले होते, किडे पडलेल्या जखमा धुतल्या होत्या. त्याची कधी किळस वाटली नाही. किळस यायची ती माणसांची, आणि वय वाढेल तशी ती जास्तच यायला लागली होती.

तेवढ्यात पाणकणसाच्या पलीकडून आरडाओरडा झाला. "धरला! धरला बे त्याला!"

दोघंजण एका माणसाला ओढत आणत होते. खांद्यावर घोंगडं, पायात चिखल, हातात पोतं. त्यांनी पोतं हिसकून पालथं केलं तर त्यातून अकरा बदकं पडली.

दोन

त्याचं नाव भारत. धनगर. दरसाल दिवाळी झाली की आई बायनाबाई आणि दोनशे मेंढरं घेऊन तो या काठाला वाडा टाकून मुक्काम करायचा. उज्ज्वलाबाई त्याला तो चालायला लागल्यापासून ओळखत होत्या.

"बघा मॅडम, बघा!" आप्पाराव आले ते मोठ्यानं बोलतच आले. आरोहीचे आजोबा, तलावाचा निम्मा काठ त्यांच्या मालकीचा, आणि सोसायटीचे चेअरमन. परवाच पुन्हा निवडून आले होते. सदऱ्याच्या कॉलरीवरचा गुलाल धुवायचा राहिला नव्हता, मुद्दाम ठेवला होता. "ह्यांचं एक कोकरू लांडग्यानं नेलं गेल्या आठवड्यात. तवाच ह्यो म्हणलता, इष घालतो म्हणून. घातलं! अन् आता मेलेली पाखरं इकायला निघालता."

"मी न्हाई घातलं," भारत म्हणाला. त्याचा ओठ फुटला होता. "पुरायला नेत होतो."

"पुरायला! लई आला पुण्यवान!"

वनरक्षक रामहरी डायरी काढून उभा होता. माणूस वाईट नव्हता, पण वरच्यांना घाबरणारा होता. "मॅडम, अकराला जिल्ह्याचे साहेब येणार आहेत उद्घाटनाला. मुद्देमालासकट सापडलाय. साहेब आले की पंचनामा करून गाडीत घालावा लागेल. वन्यजीवांची केस आहे. लवकर सुटत नाही माणूस."

हे ऐकून बायनाबाई पुढं आली. सत्तरीची म्हातारी, डोळ्यांत फूल पडलेलं. "आन् मेंढरं कुनी वळायची? डॉक्टरीणबाई, ह्यो गेला तर दोनशे जितराबं मी एकली कशी वळू? आठ दिसात इकावी लागतील सगळी. मग ह्यो सुटला काय अन् न्हाई काय."

उज्ज्वलाबाई भारतच्या वाड्याकडं बघत होत्या. मेंढरांना घातलेल्या जाळीबाहेर दोन कुत्री खुंट्याला बांधलेली होती. धनगर कुत्रं बांधत नाही. कुत्रं बांधलं तर मेंढरं राखायची कुणी?

"कुत्री का बांधलीस रे?"

भारतनं मान खाली घातली. "राणीनं पहाटं एक बदक खाल्लं. तासाभरात तोंडाला फेस आला आन् गेली. म्हनून ह्या दोघांना बांधलं. बदकं पुरत होतो ते त्यासाठीच. गावची कुत्री येतील, कोल्हं येतील, घारी येतील. किती मरतील मग?"

"बनाव!" आप्पाराव म्हणाले. "इषारी हाय हे ह्याला कसं मालूम? घालणाऱ्यालाच मालूम असतंय!"

पाहुण्यांनी माना डोलावल्या. दोषी सापडला की माणसांना किती बरं वाटतं, आणि इथं तर नाश्ताही व्हायचा होता अजून.

उज्ज्वलाबाईंनी घड्याळ पाहिलं. सव्वासात झाले होते. "रामहरी, अकरापर्यंत ह्याला कुणी हात लावायचा नाही. आणि मला एक मेलेला चक्रवाक दे. ताजा."

तीन

फलकाच्या खालीच, हारतुऱ्यांसाठी मांडलेल्या टेबलावर, त्यांनी बदक चिरलं. पर्समध्ये रबरी हातमोजे आणि चाकू नेहमी असायचा. तीन पाहुणे लांब जाऊन ओकले. बाकीच्यांनी मोबाइल वर धरले.

गळ्याखाली पाखराची दाण्याची थैली असते, खाल्लेलं आधी तिथं साठतं. ती थैली गच्च भरली होती. बाईंनी ती उघडली आणि बशीत ओतली.

गहू होता. नुसता गहू.

"लांडग्यासाठी विष घालतात ते मांसात घालतात, आप्पा," त्या म्हणाल्या. "मेलेल्या कोकराच्या तुकड्यात. गव्हात नाही. लांडगा भाकरी खातो असं मी तरी अजून ऐकलं नाही."

आप्पाराव जरा चपापले. "मग पाखरांसाठीच घातलं असंल. मटण म्हणून इकायला."

"आणि खाणारी गिऱ्हाईकं मेल्यावर पुढच्या आठवड्यात कुणाला विकणार?"

त्यांनी एक दाणा तळहातावर घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि दाणा डोळ्याजवळ धरला. वरून साध्या गव्हासारखा पिवळट. पण गव्हाच्या दाण्याला मधोमध एक चीर असते, आणि त्या चिरेत केसाएवढी गुलाबी रेघ होती. त्यांनी दुसरा दाणा पाहिला, मग दहावा, मग विसावा. सगळ्यांच्या चिरेत तीच रेघ होती.

रेघ बघताक्षणी त्यांना कळलं. पेरणीच्या बियाण्याला कीड लागू नये म्हणून औषध चोळलेलं असतं, आणि कुणी चुकून खाऊ नये म्हणून त्यात भडक गुलाबी रंग घालतात. थैलीवर कवटीचं चित्र असतं. हे बियाणं होतं, आणि कुणीतरी ते धुतलं होतं.

त्यांना कोडं पडलं ते इथं. पेरणारा बियाणं धुणार नाही. औषध गेलं तर पेरून काय उपयोग? मारणाराही धुणार नाही. त्याला तर औषध हवंच. मग ह्या काठावर कुठल्या शहाण्यानं बसून विषारी गहू चोळून चोळून धुतला?

त्या स्वतःशीच म्हणाल्या, ज्यानं धुतला त्याला मारायचं नव्हतं. त्याला खाऊ घालायचं होतं.

त्यांना वाटलं होतं खुनी शोधायचाय. हे त्याहून घाणेरडं काहीतरी निघणार होतं.

चार

तलावाचं पाणी मागं सरतं तसा काठाचा गाळ उघडा पडतो. त्या गाळात पेरतात, त्याला गाळपेर म्हणतात. तानाजीची गाळपेर पाणकणसाला अगदी लागून होती, आणि बदकांना तो रोज आईबहिणीवरून शिव्या घालतो हे अख्ख्या गावाला माहीत होतं.

"घालतोच शिव्या," तानाजी म्हणाला. तिफणीला टेकून तो तंबाखू मळत होता. "डबा बी वाजवतो. पर इष घालायला मला येड लागलंय का? माझी बैलं तेच पाणी पित्यात."

"काय पेरलंस?"

"हरभरा. घरचाच." त्यानं मातीत बोट खुपसून दाणा काढून दाखवला. "गहू पेरायचा होता, ताई. योजनेचं फुकट बियाणं आलतं म्हणं गाळपेरवाल्यासाठी. सोसायटीत दोनदा गेलतो. संपलं म्हणले. आमच्या काठाला एकाला एक थैली घावली न्हाई. कुणी पेरलं कुनास ठाऊक."

बाईंनी ते ऐकून ठेवलं आणि वाड्याकडं वळल्या, कारण बायनाबाई लांबून हात करत होती.

जाळीच्या आत दोन कोकरं आडवी पडली होती. एक पाय झाडत होतं. बाई चिखलातच गुडघ्यावर बसल्या. कोकराच्या डोळ्याची पापणी वर केली, छातीला कान लावला, मग हनुवटीखाली हात गेला आणि थांबला. हनुवटीखालची पांढरी लोकर गुलाबी झाली होती. दुसऱ्या कोकराचीही, आणि पुढच्या दोन्ही पायांच्या गुडघ्यांपर्यंत.

"मावशी, खुणेचा रंग कुठला तुमचा?"

"निळा," बायनाबाई म्हणाली. "पाठीवर लावतो की. सगळे वाडे वळखत्यात. हनवटीला कोन कावून लावंल? घासून जातंय."

"मग हा?"

म्हातारीनं चाचपलं, डोळ्यांजवळ नेलं. "मला दिसत न्हाई नीट. गुलाल असंल, आप्पांचा."

"काल पाणी कुठं पाजलं?"

"हमेशाचंच. आप्पांच्या पंपघराचा हौद. ही दोनच गेलती दुपारी, बाकीची तळ्यावर व्हती."

उज्ज्वलाबाईंनी पर्समधलं होतं नव्हतं ते औषध काढलं, कोकरांना टोचलं, मीठ-गुळाचं पाणी पाजायला सांगितलं. हात धुवायलाही न थांबता त्या मांडवाकडं निघाल्या. साडेआठ झाले होते. मांडवातून तुपाचा वास येत होता.

पाच

मांडवात हरिओमनं काढलेले फोटो लावले होते. हरिओम महोत्सवाचा मार्गदर्शक. तिशीचा, अंगात झाडपानांच्या रंगाचं जाकीट, हातभर लांब भिंगाचा कॅमेरा. 'दहा फुटांवरून चक्रवाक' असं त्यानं जाहिरातीत लिहिलं होतं, आणि त्यावर अर्धे पाहुणे आले होते.

बाई एकेका फोटोपुढं उभ्या राहिल्या. फोटो सुरेखच होते. पिसावरचा पाण्याचा थेंब दिसत होता.

"हरिओम, हे किती वाजता काढलेस?"

"सकाळी नऊ-दहाला, मॅडम. प्रकाश चांगला असतो."

"सगळे?"

"सगळे."

"मी वीस वर्षं ह्या तलावावर पाखरं मोजते," बाई म्हणाल्या. "तलवार बदकं नऊ वाजता तळ्याच्या मधोमध झोपा काढतात. खायला काठाला येतात ती अंधार पडल्यावर. तुझ्या फोटोत बारा दिवस रोज नऊ वाजता, त्याच पाणकणसाच्या बेटाजवळ, सगळ्यांच्या माना खाली. काय टाकत होतास?"

हरिओमचा चेहरा उतरला. "मॅडम, सगळेच टाकतात. बाजरी टाकत होतो फक्त. खायची बाजरी, बाजारातली. इमानानं सांगतो."

"ह्यांच्या पोटात गहू आहे."

तो खुर्चीवर बसला. हळू आवाजात म्हणाला, "बाजरी शुक्रवारी संपली. साहेब येणार, पाहुणे येणार, पाखरं जवळ आली पाहिजेत. आप्पा म्हणाले, मी देतो दाणा. काल संध्याकाळी टोपलंभर गहू दिला. ओला होता, धुतलेला. मी टाकला. मला वाटलं, घरचाच गहू." मग मान वर करून, "माझं नाव येईल का ह्यात? माझी पुढच्या महिन्यात मोठी टूर आहे."

तीसच्या वर पाखरं आणि एक कुत्री गेली, एक माणूस तुरुंगाच्या दारात उभा, आणि ह्याला टूर. उज्ज्वलाबाई तशाच आप्पारावांकडं निघाल्या, थांबल्या असत्या तर चापटच मारली असती.

आप्पाराव खुर्च्यांच्या रांगा लावून घेत होते. गव्हाचं विचारलं तेव्हा ते डगमगलेही नाहीत.

"दिला की! पाखरांना दाणा टाकला तर कसूर काय, मॅडम? घरचा खायचा गहू हाय. आमी सगळे तोच खातो. काठाला पडल्यावर त्याच्यात इष त्या धनगरानं कालवलं. माझ्याच दाण्यानं माझीच बदनामी!" त्यांनी घड्याळ पाहिलं. "साहेब दहालाच येतेत. फोन आलता."

म्हणजे भारतपाशी जेमतेम तासभर उरला होता.

सहा

पंपघर काठापासून शंभर पावलांवर. दाराला कुलूप, आणि शेजारी सिमेंटचा हौद. हौद रिकामा केलेला होता, पण घाईत घासायचा राहिला होता. आतून वीतभर उंचीवर पुसट गुलाबी कड उमटली होती.

हौदापलीकडच्या चुलाणावर रतनबाई खीर ढवळत होती. आप्पारावांच्या घरी तीस वर्षं राबलेली बाई. उज्ज्वलाबाईंना बघून तिनं हात पदराआड घेतले, पण तेवढ्यात तिचे तळहात दिसले. रेषारेषांत गुलाबी रंग बसला होता, नखांत तर गडदच.

"गुलाल हाय," रतनबाई न विचारताच म्हणाली. "परवाच्या मिरवणुकीचा."

"परवापासून तुम्ही किती वेळा कणीक मळलीत, रतनबाई? किती भांडी घासलीत? गुलाल एका पाण्यात जातो."

रतनबाईनं चुलाणातलं लाकूड मागं ओढलं. धूर डोळ्यांत गेल्यासारखं तिनं डोळे पुसले.

"मी म्हणलते मालकाला," ती पुटपुटली. "ह्ये बियाणाचं हाय, थैलीवर डोस्क्याचं चित्र हाय. पाणी रगतावानी झालंय. तर म्हणले, रेशनचा पावडरीचा गहू आपण तीन पाण्यानं धुतो, खातो, मरतो का? ह्यो बी तीन पाण्यानं धू. रंग गेला की झालं."

"अशा थैल्या किती आहेत आत?"

"खोलीभर."

बाईंनी डोळे मिटले. गाळपेरवाल्यांचं बियाणं. लोकांना संपलं म्हणून सांगायचं, कुलपात दाबून ठेवायचं, आणि पेरणीचे दिवस सरत आले की आपला मोठेपणा मिरवायला पाखरांपुढं ओतायचं. आणि त्यापायी गरिबाच्या पोराला गाडीत घालायचं.

"साहेबांपुढं एवढंच सांगा, रतनबाई."

"न्हाई ताई." तिनं हात जोडले. "माझं घर त्येंच्या जागेत हाय. तोंड उघडलं तर उद्या रस्त्यावर. माझ्या गळ्याची आन हाय तुमाला, माझं नाव घेऊ नका."

ती बोलली नाही तर काय उरत होतं? हौदाची कड आप्पाराव पाच मिनिटांत घासून घेतील. हरिओम शब्द फिरवील, टूर आहे ना त्याची. आणि गहू दिला हे तर आप्पाराव स्वतःच सांगत होते. विष आधीपासून होतं, आणि ते त्यांना माहीत होतं, हे सिद्ध व्हायला हवं होतं.

रस्त्याला धुरळा उडाला. साहेबांची गाडी.

उज्ज्वलाबाईंनी खिरीच्या पातेल्याकडं पाहिलं. "ह्यात गहू कुठला?"

"ह्यो? ह्यो कोठीतला, चांगला. परवा उखळात सडून ठेवलेला. माझ्या हातानं. देवाशप्पत."

"ठीक. मी आता एक खोटं बोलणार आहे. तुम्ही फक्त गप्प बसायचं. ते तुम्हाला जमतं."

रतनबाईनं मान खाली घातली. बाईंना वाटलं, हे बोलले नसते तर बरं झालं असतं.

सात

हारतुरे झाले. मेलेल्या पाखरांवर ताडपत्री टाकून झाली होती. आप्पारावांनी माइकवरून दुःख व्यक्त केलं आणि गुन्हेगार सापडल्याचा आनंदही व्यक्त केला. भारत मांडवाच्या खांबापाशी बसला होता, हात दोरीनं बांधलेले. बायनाबाई त्याच्या शेजारी. मग खिरीच्या वाट्या फिरल्या. साहेबांना पहिली, आप्पारावांना दुसरी.

उज्ज्वलाबाई रामहरीला बाजूला घेऊन आप्पारावांच्या खुर्चीमागं आल्या. वाकल्या आणि त्या दोघांनाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "आप्पा, एक सांगायचं राहिलं. खिरीला गहू कमी पडला. हौदाजवळ टोपल्यात कालचा धुतलेला गहू उरला होता, रतनबाईनं तोच घातलाय. घरचा खायचाच आहे ना? मग काही हरकत नाही."

आप्पारावांचा चमचा ओठांपाशी होता. तो तिथंच थांबला. मग सावकाश वाटीत आला आणि वाटी खुर्चीखाली गेली.

"मला शुगर हाय," ते म्हणाले. "गोड बंद केलंय डॉक्टरनं."

बाईंना हवं होतं ते एवढंच. रामहरीनंही पाहिलं. पण बाई बोलल्या नाहीत, कारण त्यांना वाटलं आता आप्पाराव उठतील. उठून म्हणतील, थांबा, खाऊ नका. चोर असला तरी माणूस आहे, आत्ता उठेल.

आप्पाराव उठले नाहीत. शेजारी साहेबांनी पहिला घास घेतला, छान झालीय म्हणाले, आणि आप्पाराव हसले. समोर पंचवीस माणसं खात होती. नाकाला पदर लावलेली ती बाई दुसरी वाटी मागत होती. एक बाप लेकराला भरवत होता. आप्पारावांच्या कपाळावर घाम जमा झाला होता. त्यांनी तो रुमालानं टिपला आणि रुमालाची घडी घालून खिशात ठेवली. तोंडातून एक शब्द काढला नाही.

उज्ज्वलाबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. इतकी किळस त्यांना आयुष्यात कधी आली नव्हती. सडलेल्या पोटाच्या म्हशीची नाही, कशाचीच नाही.

तेवढ्यात मांडवाच्या टोकाकडून आरोही आली. हातात वाटी, गालाला खीर, गळ्यात दुर्बीण. "आजोबा, लई गोड झालीय! मी दोनदा घेतली!"

आप्पाराव खुर्चीसकट उलथले. त्यांनी झेप घालून पोरीच्या हातातली वाटी उडवली, तिच्या तोंडात बोटं घातली. "थुंक! थुंक ते! इष हाय त्याच्यात! पाणी आणा, बे! गाडी काढा!"

मांडवात एकदम किंकाळ्या उठल्या, वाट्या पडल्या, साहेब उभे राहिले.

"खीर चांगली आहे!" उज्ज्वलाबाई माइकवर ओरडल्या. "कुणालाही काही होणार नाही. कोठीतला गहू आहे. मी ह्यांना खोटं सांगितलं होतं." आणि मग साहेबांकडं वळून, आवाज खाली आणून, "ह्यांनी पाखरांना दिलेला गहू घरचा, खायचा होता, विष नंतर भारतनं कालवलं, असं हे म्हणतात. मग तोच गहू खिरीत आहे म्हटल्यावर ह्यांनी चमचा का ठेवला? नातीच्या तोंडात बोटं का घातली? ती टोपली तर भारतच्या हाताला लागलीच नव्हती. पंपघराचं कुलूप काढा. आत गाळपेरवाल्यांचं बियाणं आहे. तेच धुवून टाकलं."

"खोटं हाय!" आप्पाराव म्हणाले. "कोण म्हणतंय?"

"मी," चुलाणाकडून रतनबाई म्हणाली. ती पुढं आली आणि दोन्ही तळहात सगळ्यांसमोर उघडे धरले. "मी धुतला. तीन पाण्यानं. मालक म्हणले तसा. आन् आता मला बी इचारायचंय, मालक. ह्या मांडवात मी बी खीर चाखलीय. माझ्याकडं बघून बी तुमी बोलला न्हाई."

रामहरीनं आधी भारतची दोरी सोडली, साहेबांना न विचारता. मग कुलूप तोडलं. थैल्या छतापर्यंत रचलेल्या होत्या, आणि सगळ्यांवर कवटीचं चित्र होतं. तानाजी दारात येऊन उभा राहिला, एका थैलीवरून हात फिरवला आणि तिथंच थुंकला.

आरोही खिरीनं भरलेल्या झग्यात मांडवाच्या मधोमध उभी होती. ती रडत नव्हती. कोसळलेल्या खुर्चीकडं, मग पाहुण्यांकडं आणि शेवटी आजोबांकडं तिनं पाहिलं.

"आजोबा," ती म्हणाली, "मला सांगितलं. मग ह्या सगळ्यांना कावून न्हाई सांगितलं?"

आप्पारावांच्या बोटांना अजून तिची खीर लागलेली होती.

भारत मेंढरांकडं धावत गेला. बायनाबाई काठी टेकत त्याच्यामागून निघाली, जाता जाता उज्ज्वलाबाईंच्या पाठीवरून हात फिरवून गेली. दोन कोकरांतलं एक उठून उभं राहिलं होतं, दुसरं गेलं होतं.

बाई नळावर गेल्या आणि साबण लावून हात धुतले. पुन्हा धुतले. तिसऱ्यांदा धुतले आणि वास घेऊन पाहिला. मग चौथ्यांदा नळ सोडला.